ढगे सरांचा हेवा

मुंजाजी ढगे यांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे. ही टीका नव्हे. ते स्वतःच तसं सांगत, आणि दरवर्षी प्राणिशास्त्राच्या पहिल्या तासाला सांगत. हजेरी संपली की टेबलाच्या कडेला टेकायचे आणि म्हणायचे, "माझ्यात एक खोड हाय. कुणाला माझ्यापेक्षा चांगला मासा घावला तर मला जेवण जात न्हाई. तरी मासा लपवायचा न्हाई. आधी मला आणून दाखवायचा. उपाशी ऱ्हायची मला सवय हाय."

मुलं हसायची. सर हसत नसत.

परभणीतल्या आमच्या महाविद्यालयात मी १९७८ साली शिकायला आलो तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. उंची बेताची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, उजव्या हाताच्या बोटांची कातडी मासे टिकवायच्या फॉर्मलिननं पांढुरकी पडून सोललेली. शर्टाच्या खिशात पेनाच्या टोपणात खोचलेला बाभळीचा काटा असे. माशाच्या अंगावरचे खवले ते त्या काट्यानं मोजत. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक ओळ, मग त्या ओळीच्या वर किती, खाली किती. मोजताना ओठ हलत. मध्ये कोणी "सर" म्हटलं तर रागावत नसत. फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यामुळे त्यांना हाक मारणाऱ्याला अर्धा तास थांबावं लागे.

पंधरा वर्षांत त्यांनी जिल्ह्यातल्या नद्या-ओढ्यांतले मासे बरण्यांमध्ये जमा केले होते. प्रयोगशाळेच्या तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर बरण्या. चौथ्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवर या माशांची वंशावळ काढलेली: कोण कोणाचा भाऊ, कोण चुलत, कोण नुसताच शेजारी.

हेवा त्यांना सगळ्याच गोष्टींचा वाटत नसे, हे नोंदवलं पाहिजे. सहकाऱ्यांनी स्कूटर घेतल्या, घरं बांधली, एकजण प्राचार्य झाला. सरांनी मनापासून अभिनंदन केलं. माशांच्या बाबतीत मात्र त्यांचा इलाज नव्हता. एकदा दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला दुधना नदीत एक वाम मासळी सापडली. तिच्या पाठीवरच्या काट्यांची संख्या पुस्तकातल्या संख्येत बसत नव्हती. ही खबर सरांना स्टाफरूममध्ये कळली. डबा उघडलेला होता, तो त्यांनी झाकला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते सेलूच्या बाजूला गेले, देवगाव फाट्यावर उतरून पुढं मिळेल त्या वाहनानं नदी गाठली, आणि चौथ्या दिवशी परतले. चेहरा उन्हानं काळवंडलेला, पण मोकळा.

"त्याची वाम खरी हाय," ते आम्हाला म्हणाले. "मी लय बघितलं खोटी निघती का. न्हाई निघाली."

आणि मग जेवले.

घर माळकऱ्यांचं. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिला होता: कॉलेजातून आल्यावर अंगणातल्या नळाखाली आंघोळ, कपडे बाहेरच्या दोरीवर, मग उंबरा. तो नियम चौतीस वर्षं पाळला गेला. सरांनी आयुष्यात मासा चाखला नव्हता. त्याबद्दल विचारलं की ते गंभीर होत. "चव ही बी एक खूण असती. ती मला वाचता येत न्हाई. खाणारे लोक माझ्यापुढं हायेत." म्हणजे इथंही हेवाच.

नामांतराच्या दिवसांत कॉलेज वरचेवर बंद असे. खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. स्टाफरूममध्ये विद्यापीठाच्या नावावरून आवाज चढत. एका दुपारी कोणीतरी सरांना खोदून विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूचे? सर म्हणाले, "ज्यांचं नाव द्यायचं त्यांच्यायेवढा शिकलेला माणूस तुमच्या गावात दाखवा, मग मी विरोध करतो. मला तर त्यांचाबी हेवा वाटतो." ते विनोद करत आहेत असं समजून दोघं हसले. ते विनोद करत नव्हते हे कळल्यावर त्या दोघांनी वर्षभर त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही. सर त्या वर्षी चहा प्रयोगशाळेत पीत.

आमच्या वर्गात सुलोचना गोधने नावाची मुलगी होती. भोयाची. तिचे वडील केरबा पूर्णा नदीवर जाळं टाकत. पूर्णा गोदावरीला मिळते तिथून थोडं वर त्यांचं गाव आहे आणि गावाखाली एक खोल डोह आहे. पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी एका ट्रेमध्ये दहा मासे मांडले आणि ओळखायला सांगितलं. मी सहा ओळखले; वर्गात तो दुसरा क्रमांक होता. सुलोचनानं दहाही ओळखले, त्यातले शेवटचे तीन खिडकीबाहेर बघत, नुसता हात लावून.

सर ट्रेपाशी आले. "हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई, सर. जाळ्यातनं काढताना अंधार असतो. हातालाच कळतं."

सरांनी पुढचे दोन तास घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सर्वांत अवघड बरण्या घेऊन. तिला एकटीला पुढं बोलावलं. ती दोनदा चुकली. सरांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तिला, त्या चुका का झाल्या, ते तासभर समजावून सांगितलं. वर्गातल्या बाकी एकोणीस जणांकडं त्या तासाला त्यांनी पाहिलंही नाही.

पुढची तीन वर्षं तसंच चाललं. ते तिच्यावर जळत आणि तिला शिकवत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांना वाटत नसावं. सुट्टीत ते तिच्या गावी जात, केरबांच्या होडक्यात बसत. केरबा त्यांना म्हणत, "सर, खवले मोजून काय हुतंय? मासा हाय तेवढाच ऱ्हातो की."

"तुमी मोजत न्हाई ते बरं हाय," सर म्हणत. "मोजायला लागले असते तर मला नोकरी नसती."

सरांचा स्वतःचा म्हणावा असा दावा आयुष्यात एकच होता. तो याच डोहातल्या खवली नावाच्या माशाबद्दल. ही खवली मोठी, पाठ उंच, रंग काळपट. तिच्यासारखीच दिसते ती कोळशी. पुस्तकं म्हणत डोहातली खवली कोळशीची बहीण. केरबाही तेच म्हणत. सुलोचनाचंही मत तेच होतं आणि वर्गात तिनं ते सांगितलं होतं. सर म्हणत, नाही. हिची बहीण ओढ्यात सापडणारी फिकट, अंगठ्याएवढी खवली. दिसण्यावर जाऊ नका. घशातले दात बघा, खवल्यांच्या ओळी मोजा. यावरचा निबंध त्यांनी दोन नियतकालिकांना पाठवला. दोन्हींनी परत केला. वंशावळीवर बाकी सगळं पेन्सिलीत होतं. या दोन बहिणींची फांदी तेवढी शाईत.

बी.एस्सी. झाल्यावर मी परभणीतच वर्तमानपत्रात लागलो. सुलोचना औरंगाबादला शिकली, काही वर्षं नोकरी केली, आणि नव्वदच्या सुमारास हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला गेली. मी सरांवर एकदा अर्धं पान लेख लिहिला. तो वाचून ते म्हणाले, "चांगलं लिहिलंस." त्या दिवशी ते डबा व्यवस्थित जेवले. हे मी मुद्दाम पाहिलं.

एक्क्याण्णवमध्ये सुलोचनाचं पत्र आलं. सरांनी ते मला वाचायला दिलं. तिनं लिहिलं होतं, की प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक मजकूर असतो, आणि त्याचा एक लहान तुकडा फक्त आईकडून पोराकडं येतो. तो तुकडा आता वाचता येतो. दोन माशांचा मजकूर शेजारी ठेवायचा आणि किती अक्षरं वेगळी ते मोजायचं. नातं जितकं जवळचं तितकी कमी. गोदावरीच्या खवल्यांची वंशावळ ती अशी लावते आहे. बाकी सगळे मासे मिळाले. डोहातली खवली तेवढी हवी. केरबा थकले होते, जाळं टाकत नव्हते. म्हणून सरांनी पाठवावी. खाली तिनं रेघ ओढून लिहिलं होतं: ताजा मासा, स्पिरिटमध्ये. फॉर्मलिनमधला चालणार नाही, फॉर्मलिननं अक्षरं एकमेकांना चिकटतात, मग काही वाचता येत नाही.

"आईकडनं," सर म्हणाले. "आमच्या भाटाला सांगाय पायजे. तो बापाकडनंच वाचायलाय पिढ्यान् पिढ्या." मग त्यांनी फळ्यांकडं पाहिलं. सातशेच्या आसपास बरण्या होत्या आणि सगळ्या फॉर्मलिनच्या. त्या काळात प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागात तोच रिवाज होता. "म्हंजे हे सगळे मुके," ते म्हणाले.

आठवड्यानं मी कचेरीच्या कामासाठी हैदराबादला निघालो होतो. सरांनी मला एक बाटली दिली. आत स्पिरिट, त्यात चार काळपट मासे. मीटरगेजची गाडी पूर्णा जंक्शनला बराच वेळ थांबली तेव्हा बूच ढिलं झालंय का म्हणून मी बाटली उघडून पाहिली. स्पिरिटच्या खालून दुसरा एक वास येत होता, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. तीन वर्षं त्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला तो ओळखू येतो. मासे जुन्या बरणीतले होते. धुऊन, नव्या पाण्यात भिजवून, स्पिरिटमध्ये घातलेले.

मी बूच घट्ट केलं. हैदराबादला बाटली सुलोचनाच्या हातात दिली. काही बोललो नाही. वास ही माझ्या धंद्यात बातमी असते; ती मी दिली नाही. कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्यामुळं ढगे सरांचं एकही जेवण कधी चुकलं नव्हतं; तिच्यामुळं चुकत होतं.

सहा महिने काही कळलं नाही. मग तिचं दुसरं पत्र आलं. इतर बावीस मासे वाचून झाले होते. डोहातल्या खवलीचं काहीच येत नव्हतं. तिनं चार वेळा केलं. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत हा मासा आला नाही तर ते प्रकरण प्रबंधातून काढा. शिष्यवृत्तीही मार्चला संपत होती. पत्राच्या शेवटी होतं: "मासे तुम्ही दिलेत म्हणजे त्यात खोट नाही. माझ्याच हाताला जमत नाहीये, सर. इतकी वर्षं वाटायचं की हात तरी चांगला आहे."

हे पत्र सरांनी मला वाचायला दिलं नाही, वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. दुसऱ्यांदाही तिथंच थांबले.

"बाटलीत काय होतं तुला ठाव होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलला कामून न्हाईस?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "तू बी."

मेचा महिना होता. कॉलेज बंद, भांडाराला कुलूप, भांडारपाल लग्नाला गावी गेलेला. स्पिरिट मिळण्यासारखं नव्हतं. सर तसेच केरबांच्या गावी गेले. केरबांना उठवून होडक्यात बसवलं, जाळं स्वतः टाकलं. ते त्यांना नीट जमलं नाही. दोन दिवसांत चार वेळा जाळं फाटलं आणि पाच खवल्या मिळाल्या. गावामागं हातभट्टी होती. तिथून सरांनी पहिल्या धारेची घेतली, जाळून पाहिली, निळी ज्योत आली तेव्हा पाच लिटरचा कॅन भरून घेतला. माशांची कूस चिरली, म्हणजे दारू आत जाईल. दोनदा दारू बदलली. मग कॅन मांडीवर घेऊन पूर्णेच्या एस.टी.त बसले.

वाहक त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. वास सगळ्या गाडीत पसरला होता.

"सर? तुमी बी?"

"शहाण्या, हे माशासाठी हाय."

"हाव की सर," वाहक म्हणाला. "समदेच माशासंगं घेत्यात."

गाडी हसली. सर पूर्णेला पोचून हैदराबादच्या गाडीत बसण्याआधीच ही गोष्ट परभणीच्या वाटेला लागली होती. कौशल्याबाईंच्या कानावर ती शेजारणीकडून गेली. सर परतल्यावर त्यांनी विचारलं, तेव्हा दारूचा खुलासा करायचा तर बाटलीचाही करावा लागणार होता. सरांनी दोन्ही केले. बाई म्हणाल्या, "दारूचं मी समजून घेतलं असतं." आणि आठ दिवस बोलल्या नाहीत.

हैदराबादला काय झालं ते मला सुलोचनानं नंतर सांगितलं. सर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. कॅन खाली ठेवला. म्हणाले, "तुझ्या हाताला काय झालं न्हाई. पहिले मासे मी जुन्या बरणीतले दिले. जाणून. तू मला खोटं पाडशील म्हून."

तिनं कॅन उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सर, आधी मासे कापू. उशीर झाला तर हे बी जातील."

मासे कापले. त्यावर पुढं दोघं कधी बोलले नाहीत, असं ती म्हणाली. मी विचारलं, राग आला नाही? "आला की," ती म्हणाली. "अजून हाय. पण त्या दिवशी मला झोप लागली. सहा महिन्यांनी."

दिवाळीच्या आत निकाल आला. तिनं सरांना अक्षरं ज्यावर उमटतात ती एक्स-रेसारखी काळी फिल्म पाठवली, चार-चार रांगांमध्ये आडव्या रेघा असलेली, आणि सोबत कागदावर उतरलेली अक्षरं. सरांनी खिशातला काटा काढला. डोहातली खवली, ओढ्यातली खवली, कोळशी. तिघींचे मजकूर एकाखाली एक ठेवून त्यांनी एकेक अक्षर मोजलं. फिल्मवरून स्वतः वाचलं, मग तिच्या कागदाशी ताडलं. तीन दिवस ते दुसरं काही करत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते मागे टेकून बसले होते.

"एक बी चूक न्हाई," ते म्हणाले. "लय शोधली."

"निकाल काय?"

"डोहातली आन् ओढ्यातली सख्ख्या बहिणी. कोळशी लांबची."

मी म्हटलं, "मग सर, तुमचंच खरं निघालं. पुस्तकं चुकली, सुलोचना चुकली. पंधरा वर्षं तुम्ही हेच सांगत होता."

"सांगत होतो," ते म्हणाले. "माझा अंदाज होता, लेका. तो बरोबर यायलाय हे मला आज कळलं. तिनं सांगितल्यावर." मग म्हणाले, "मी चुकलो असतो तर बरं झालं असतं. मग निदान भ्यालो ते कारणानं भ्यालो असतो. मी बरोबर असून भ्यालो."

त्या दिवशी त्यांचा डबा टेबलावर होता. कडी लावलेली होती.

सुलोचनाच्या प्रबंधात ते प्रकरण राहिलं. त्यात तिनं लिहिलं, की या दोन माशांचं नातं प्रथम मुं. ढगे यांनी अंगलक्षणांवरून ओळखलं होतं, आणि तिचं स्वतःचं मत त्या वेळी वेगळं होतं. हे दुसरं वाक्य लिहायची तिला गरज नव्हती. सरांनी त्या पानावर बोट ठेवून मला दाखवलं आणि म्हणाले, "हे बी मला जमलं नसतं."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. पुढं महिनाभर मी त्याच बातम्यांमागं होतो. उन्हाळ्यात हैदराबादला जाणं झालं तेव्हा सुलोचनाला भेटायला प्रयोगशाळेत गेलो. शिक्षण संपवून ती आता तिथंच कामाला लागली होती. बाहेरच्या बाकावर ढगे सर बसले होते. महिन्यापूर्वी निवृत्त झाले होते. पायाशी पिशवी, पिशवीत बाटल्या. दर दोन महिन्यांनी येतो, म्हणाले. वरच्या नद्यांतले मासे आणून देतो.

सुलोचना बाहेर आली, आम्हाला आत घेऊन गेली. सरांनी टेबलावर बाटल्या मांडल्या. तिनं एक जाड वही उघडली.

"हा कुठला, सर?"

"करपरा नदीचा. पुलाच्या वरच्या अंगाला."

"कुणी धरला?"

"मी."

"कधी?"

"सोमवारी. सकाळी."

"धरल्यापासून कशात होता?"

"स्पिरिटमध्ये. दुसऱ्या कशात न्हाई."

तिनं ते सगळं लिहून घेतलं, वही फिरवून त्यांच्यापुढं केली आणि पेन दिलं. दुसऱ्या कोणी आणलेल्या माशांसाठी त्या वहीत सहीचा रकाना नव्हता. मी मागची पानं पाहिली. सरांनी चष्मा सारखा केला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. सहा बाटल्या होत्या. सहा वेळा तेच प्रश्न झाले, सहा वेळा सरांनी उभं राहून उत्तरं दिली आणि सह्या केल्या.

"बसा, सर," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. तिनं पहिली बाटली उघडली, मासा बशीत घेतला, पात्यानं शेपटीजवळचा तांदळाएवढा तुकडा एका झटक्यात उचलला. सर मान पुढं काढून तिच्या हाताकडं पाहत उभे होते.